चार्जिंग कोण थांबवतंय

पहिल्यांदा झालं तेव्हा मी म्हटलं, लाइट गेली असेल. विरारात लाइट जायला मुहूर्त लागत नाही. दुपारी दोन वाजता खाली पार्किंगमध्ये गाडीला वायर लावली होती, वर येऊन फोनवरून चार्जिंग सुरू केलं होतं, आणि साडेपाचला खाली गेले तर भिंतीवरच्या चार्जरचा दिवा निळा. हिरवा असला की वीज गाडीत जातेय, निळा असला की थांबलीय, एवढं मला माहीत होतं. गाडीत बत्तीस टक्के. लावली तेव्हा अठ्ठावीस होते. म्हणजे मी वर चहाचं आधण ठेवत होते तेवढ्यातच ते थांबलं होतं, आणि पुढचे तीन तास मी घरात निवांत बसले होते. संध्याकाळी सहानंतर चार्जिंग करायचं नाही असा आमच्या सोसायटीचा ठराव आहे. रात्री आग लागली तर कोण बघणार, म्हणून. सकाळी नऊला बोरिवलीला निघायचं होतं. बत्तीस टक्क्यांत जाणं झालं असतं, येणं झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी गेलो नाही. मी फोन करून तिथे कळवलं आणि मग पलंगाजवळ जाऊन ह्यांना सांगितलं, "गाडी चार्ज झाली नाही हो. आता परवा जाऊ." हे छताकडे बघत होते. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल.

आम्ही विरारच्या बोळिंज भागात राहतो, चौथ्या मजल्यावर. ह्यांना अर्धांगाचा झटका आला त्याला तेव्हा दीड महिना झाला होता. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. बोललेलं सगळं त्यांना समजतं असं डॉक्टर म्हणत, पण तोंडातून घोगऱ्या हुंकाराशिवाय काही निघत नव्हतं. बोरिवलीच्या एका केंद्रात आठवड्यातून तीन दिवस त्यांना न्यायचं ठरलं. तिथे हातापायाचे व्यायाम करून घेत आणि बोलायला शिकवणारी एक बाई होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "जे काही परत यायचं ते बहुतेक सुरुवातीच्या महिन्यांतच येतं. दिवस चुकवू नका." ते ऐकून मी घरी आले आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलंच नाही. ह्यांना बोलतं करायचं, बस. मी भुईगावच्या वाडीतली मुलगी. केळीला पाणी द्यायचं तर द्यायचंच, ताप असो की सण असो, असं बघत वाढलेली. एकदा धरलं की मी सोडत नाही, हा गुण आहे की खोड ते अजून मला कळलेलं नाही.

भाड्याच्या गाडीने का नाही नेलं, असं पुष्कळांनी विचारलं. एकदा नेलं होतं. हायवेला गाड्यांची रांग लागली आणि ह्यांना लघवी आवरली नाही. ड्रायव्हरने काचा खाली केल्या आणि पूर्ण रस्ताभर फोनवर कुणाला तरी ते सांगत राहिला. हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला मी हात पुढे केला तर त्यांनी मान झटकली. तेव्हा मी कानाला खडा लावला. न्यायचं ते आपल्याच गाडीने, आणि चालवायची मीच.

गाडी मुळात ह्यांची. निवृत्त झाल्यावर मोठ्या हौसेने विजेची घेतली. कोकणात गावी जायचं म्हणून घेतली आणि वाटेत चार्जिंग संपेल ह्या भीतीने पनवेलच्या पुढे कधी नेली नाही. चालवायला मीही शिकले, पण मी चालवताना हे शेजारच्या सीटवर पायाने नसलेला ब्रेक दाबत बसायचे. माणूस तसा प्रेमळ, पण कुलूपवेडा. कपाटाला कुलूप, गॅलरीतल्या शिडीला कुलूप, सायकल गंजून गेली तरी तिला कुलूप. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली तरी ह्यांच्या टेबलाच्या खालच्या खणात काय आहे ते मला ठाऊक नव्हतं.

चार्जरचंही तेच झालं. आमच्या शेजारच्या पार्किंगमध्ये साताऱ्याकडचा एक तरुण गाडी लावतो. नवीन लग्न झालेलं, दोघंही नोकरीला. त्याने एकदा हसत हसत विचारलं, "काका, माझी स्कूटर जरा लावू का तुमच्या चार्जरला?" ह्यांनी तोंडावर नाही म्हटलं आणि त्याच आठवड्यात चार्जरला ॲपचं कुलूप लावून घेतलं. म्हणजे वायर नुसती खोचून उपयोग नाही, ह्यांच्या फोनमधून हुकूम गेला तरच वीज सुटणार. मला मात्र ह्यांनी सांगितलं की असले चार्जर ॲपशिवाय चालतच नाहीत. मी ते ब्रह्मवाक्य धरून बसले. माझ्या फोनवर ते ॲप घेऊन द्या म्हटलं तर म्हणाले, "तुला कशाला ती डोकेदुखी? मी आहे ना."

मी आहे ना म्हणणारा माणूस एका सकाळी दाढी करता करता खाली बसला तो उठलाच नाही.

इस्पितळातून घरी आणलं तेव्हा गाडी रिकामी आणि फोन बंद कुलपात. चार आकडे हवे होते. मी ह्यांच्यापुढे बोटं नाचवली, शून्यापासून नऊपर्यंत आकडे कागदावर लिहून धरले, एकेकावर बोट ठेवून विचारलं, हा का, हा का. हे तोंड फिरवायचे. मला वाटलं, आठवत नसेल. बिचाऱ्याला आपलं नाव तरी आठवतं की नाही कोण जाणे. मग एका दुपारी त्यांचा हात पुसता पुसता मला सुचलं. त्यांचा उजवा अंगठा धरून मी फोनवर टेकवला. फोन उघडला.

तो अंगठा कायम गार असायचा. चिमटा काढला तरी त्याला कळत नव्हतं, आणि तरी फोन त्याला ओळखत होता. मला एकदम आनंद झाला आणि त्याच वेळी अंगावर काटाही आला. आपण काहीतरी करू नये ते करतोय, असं वाटलं. पण गाडी चार्ज झाली.

तेव्हापासून तो नेमच झाला. दुपारी दोनला खाली जाऊन वायर लावायची. वर येऊन ह्यांचा अंगठा धरायचा. फोन अर्ध्या मिनिटात परत मिटायचा, म्हणून तिथेच पलंगावर बसून चार्जिंग सुरू करायचं. मग फोन पुन्हा त्यांच्या डाव्या हाताशी उशीजवळ ठेवायचा. तो मी माझ्याकडे का ठेवला नाही, ह्याचं कारण अगदी बाळबोध आहे. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोन बायका कपाटात ठेवतात. जिवंत माणसाचा फोन त्याच्यापासून लांब ठेवणं मला अशुभ वाटायचं. शिवाय हे त्याला हातही लावत नसत. वाजला तरी बघत नसत. जर्मनीहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला तर मीच तो उचलून त्यांच्या तोंडासमोर धरायची, आणि हे पडद्याच्या पलीकडे कुठेतरी बघत राहायचे.

दुसऱ्यांदा चार्जिंग थांबलं ते चार दिवसांनी. मग आठवड्यात दोनदा. कधी पस्तीस टक्क्यांवर, कधी एकोणतीसवर. जिथे संशय घ्यावा तिथे मी घेतला. वायर ढिली असेल म्हणून दाबून बसवली. उंदीर असेल म्हणून भिंतीच्या कडेने औषध टाकलं. गाडीबरोबर आलेली एक साधी वायरही होती, पण तिला जाड पिनांचा मोठा सॉकेट लागतो आणि सोसायटी तो पार्किंगमध्ये बसवू देत नव्हती. भुईगावला भावाच्या वाडीत विहिरीच्या पंपापाशी तसा सॉकेट आहे. दोनदा गाडी तिथे नेली. त्या वायरीने आठ-आठ तास लागतात, आणि तेवढा वेळ ह्यांना घरी एकटं ठेवायचं म्हणजे माझा जीव टांगणीला. दुसऱ्यांदा परत आले तेव्हा हे पलंगाच्या कडेला लटकलेले होते, अर्धे आत, अर्धे बाहेर. पाणी घ्यायला गेले असावेत. मग तेही बंद केलं. हायवेवरच्या चार्जिंगच्या जागांना आणखी वेगळी ॲपं आणि तिथे ताटकळत बसायला आजारी माणूस, तेव्हा तो विचारच नको.

आणि दिवस चालले होते. केंद्रातली बाई प्रत्येक वेळी विचारायची, "परवा का नाही आलात?" ती वयाने माझ्या मुलापेक्षाही लहान, उत्साही, गोड आवाजाची. ह्यांच्यापुढे चित्रांचे पत्ते धरायची. "काका, हे काय? आं... आंबा! म्हणा." सरकारी कचेरीत ज्या माणसाने चाळीस लोकांना धाकात ठेवलं, ज्याच्या मसुद्यात काना-मात्रा बदलायची साहेबांची छाती नव्हती, तो माणूस खुर्चीत पट्ट्याने बांधलेला असायचा आणि लाळ गळत्या तोंडाने आंब्याकडे बघायचा. मग व्यायामाला दोन जण हात धरून ओढायचे तेव्हा ह्यांच्या घशातून जो आवाज निघायचा तो मी बाहेर बसून ऐकायची. परत येताना हे डोळे उघडत नसत. मला दिसत नव्हतं असं नाही. पण औषध कडू असतं म्हणून कुणी देणं थांबवतं का, असं मी स्वतःला सांगायची.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या मनात शेजारच्या मुलाने घर केलं. त्याला चार्जर नाकारला होता. त्याची स्कूटर वायरीच्या अगदी जवळ लागते. आणि हल्ली हे दिसत नाहीत म्हटल्यावर त्याचंच राज्य. एका रविवारी मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं आणि सरळ विचारलं, "आमचं चार्जिंग तू बंद करतोस का?"

तो हातातली पिशवी घेऊन तसाच उभा राहिला. "काकी, तुम्ही माझ्यावर डाऊट घेताय?"

"दुसरं कोण असणार?"

"काका पडले त्या दिवशी लिफ्ट बंद होती," तो म्हणाला. "चार मजले खाली मीच आणलं ना त्यांना? पाठीवर घेऊन?"

आणलं होतं. त्या गडबडीत मी ते विसरून गेले होते, किंवा कुणी आणलं ते तेव्हा बघितलंच नव्हतं. मी माफी मागितली नाही. मान फिरवून लिफ्टकडे गेले. पुढचे कित्येक महिने तो मला बघून दुसरीकडे बघायचा, आणि ते योग्यच होतं.

सोमवारी मी चार्जरच्या कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पुष्कळ वेळ बासरी ऐकवल्यावर एक मुलगी आली. तिने नंबर घेतला, काहीतरी बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, मशीनमध्ये काही प्रॉब्लेम नाहीये. चार्जिंग प्रत्येक वेळी ॲपमधून थांबवलं गेलंय."

"कुणी?"

"तुमच्याच अकाउंटवरून, मॅडम."

मी म्हटलं, "अहो, ते अकाउंट माझ्या मिस्टरांचं आहे, त्यांना बोलतासुद्धा येत नाही." ती म्हणाली, "मग दुसऱ्या कुणाकडे तुमचा पासवर्ड गेला असेल."

त्या दिवशी मी खरी घाबरले. कुणीतरी लांब बसलेला, ज्याचं तोंड मी कधी बघणार नाही, तो रोज दुपारी मी वायर कधी लावते ते बघतोय आणि मी वळले की वीज तोडतोय. का म्हणून? आम्ही त्याचं काय वाकडं केलं? मुलाला विचारलं. तो म्हणाला, माझ्याकडे ते ॲपच नाही, आई. मी घराचे पडदे ओढायला लागले. कुणाचा अनोळखी फोन आला तर उचलत नव्हते. ह्यांना भरवताना सगळं बोलून दाखवायची, "अहो, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे बघा." हे भाताचा घास तोंडात धरून माझ्याकडे टक लावून बघायचे.

एका दुपारी चार्जिंग सुरू करून मी प्लास्टिकची खुर्ची घेऊन खाली जाऊन बसले. म्हटलं, बघतेच. पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. वॉचमन गेटवर झोपेला आलेला. टाकीत टँकरचं पाणी पडत होतं त्याचा आवाज येत होता. दिवा हिरवा होता. मी त्याच्यावरून नजर हलवली नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत चार्जरच्या आत टक् असा आवाज झाला आणि दिवा निळा झाला. आजूबाजूला कुणीही नव्हतं. मी खुर्चीतून उठून गाड्यांच्या खाली वाकून बघितलं, खांबांच्या मागे बघितलं.

हा चार्जर बसवणारा वायरमन जवळच्या गास गावचा. शेती आहे, आणि उरलेल्या वेळात हे काम करतो. मी त्याला बोलावलं. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. डबा उघडला, मीटर लावून बघितला, परत मिटवला.

"ताई, मशीन चांगलंय. त्याला कोनीतरी सांगतंय बंद हो म्हनून. फोन कुठंय?"

"वर. ह्यांच्याजवळ."

"आनि सायेब?"

"ते तर पडूनच असतात."

डोक्याला बांधलेला रुमाल सोडून त्याने तोंड पुसलं. मग म्हणाला, "तुमी वर जा. रोज करता तसं सुरू करा. मी हितंच उभा ऱ्हातो. बंद झालं की तुमच्या फोनवर रिंग देतो. तुमी फक्त बघा, घरात तवा काय चाललंय."

मी वर गेले. ह्यांचा अंगठा धरला, फोन उघडला, चार्जिंग सुरू केलं, फोन उशीजवळ ठेवला. "चहा टाकते हं," म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला, पातेलं आपटलं. मग नळ तसाच वाहता ठेवून अनवाणी परत आले आणि दाराच्या पडद्याआड उभी राहिले. मला माहीत होतं असं नाही. पण छातीत धडधडत होतं, म्हणजे आत कुठेतरी माहीत असणारच.

हे नळाचा आवाज ऐकत होते. मान किंचित कलती केलेली. मग डावा हात सरकला. फोन छातीवर घेतला. डाव्या अंगठ्याने, सावकाश पण न अडखळता, चार आकडे दाबले. एकदा इकडे, एकदा तिकडे बोट फिरवलं. एकदा दाबलं. फोन परत उशीजवळ ठेवला, मी ठेवला होता तसाच, पालथा, कड चादरीच्या शिवणीला लावून. हात पोटावर घेतला आणि डोळे मिटले.

माझा फोन कमरेशी थरथरला. मी स्वयंपाकघरात जाऊन तो उचलला.

"ताई, बंद झालं बगा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्याने पाठीवरून माणूस खाली आणला त्याला मी चोर ठरवलं होतं, घराचे पडदे ओढून बसले होते, आणि माझा चोर माझ्याच चादरीवर पडला होता. मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. असा राग मला उभ्या जन्मात कुणाचा आला नव्हता. मी ह्यांच्यासाठी हायवेवर ट्रकांमधून गाडी काढते, ह्यांचं हगणंमुतणं काढते, रात्र-रात्र पाय चेपते, आणि हे मला गाफील ठेवून, नळाचा आवाज ऐकून, फोनची कड शिवणीला लावून ठेवतात. ते आपल्याला काय सांगतायत, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला. मी तो बाजूला सारला.

खाली जाऊन वायरमनला म्हटलं, "फोनशिवाय चालेल असं काही करता येतं का ह्याचं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "म्हनजे? ताई, ह्याला फोन लागतोच कुठं? वायर लावली की चालू, वायर काडली की बंद, असाच येतो हा. ॲप नुसतं बगायला. लॉक सायबांनी मागून घेतलं म्हनून मी टाकलं. काडून टाकू?"

"काढून टाक."

"नेटवरनंबी तोडू? मग फोनवरून कायच करता येनार नाय. सायबांनाबी नाय."

तो हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन थांबला होता. त्याला सगळं कळलं होतं, आणि मला विचारायचं त्याने विचारलं होतं. मी म्हटलं, "तोड."

दहा मिनिटांचं काम. इतके दिवस मी ज्याला घाबरले ते दहा मिनिटांत मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वायर लावली, दिवा हिरवा झालेला डोळ्यांनी बघितला आणि वर आले. ह्यांचा अंगठा मी धरला नाही. ह्यांनी उजव्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी पलंगासमोर खुर्ची ओढून बसले, पालक निवडायला घेतला. पडद्याआड नाही, समोर. बराच वेळ गेला. मग त्यांनी फोन घेतला, माझ्यादेखत. चार आकडे दाबले. दाबलं. परत दाबलं. ॲपमध्ये काय दिसत असेल ते मला माहीत होतं, चार्जर सापडत नाही. तरी ते दाबत राहिले, पाच वेळा, सहा वेळा, अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत. मी पालकाच्या काड्या मोडत होते. शेवटी फोन हातातून चादरीवर पडला आणि त्यांनी तो सरळ केला नाही.

"उद्या नऊला निघायचंय," मी म्हटलं.

मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, लिहिताना आज पहिल्यांदा कबूल करतेय. त्या बापड्याशी, अर्ध्या अंगाने पडलेल्या माणसाशी लढून मला जिंकल्यासारखं वाटलं, आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली.

सकाळी गाडी शंभर टक्के होती. चाकाच्या खुर्चीतून ह्यांना खाली आणलं. गाडीचं दार उघडलं, काखेत हात घालून उचलायला वाकले, तेवढ्यात ह्यांनी डाव्या हाताने दाराची कड घट्ट पकडली. मी बोटं सोडवायला गेले. त्यांचं तोंड माझ्या कानापाशी होतं. त्यांचा सगळा चेहरा गोळा झाला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि त्यांनी शब्द उच्चारला.

"नको."

हुंकार नाही. न आणि को, दोन्ही अक्षरं सुटी, स्वच्छ. अडीच महिन्यांत पहिला शब्द. ज्यासाठी मी जिवाचं रान केलं होतं तो हाच होता. माझे हात त्यांच्या बोटांवर तसेच राहिले. शेजारचा मुलगा स्कूटर काढत होता. त्याने ऐकलं की नाही मला माहीत नाही. त्याने आमच्याकडे बघितलं आणि हेल्मेट घातलं.

"उशीर होतोय," मी म्हटलं आणि एकेक बोट सोडवलं.

केंद्रात ती बाई नेहमीसारखी हसत पुढे आली. मला गप्प बसता आलं असतं. पण इतक्या दिवसांचं तोंडाशी आलेलं होतं.

"आज बोलले," मी म्हटलं.

"खरंच? काय बोलले?"

हे खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "मला हाक मारली. अगं म्हणाले."

तिने टाळ्या वाजवल्या. बाकीच्या पेशंटना सांगितलं, त्यांच्या घरच्यांना सांगितलं, तिचे डोळे भरून आले. मग ह्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसून म्हणाली, "काका, किती छान! परत म्हणा बघू. अ... गं." पाऊण तास ती तो एकच शब्द त्यांच्याकडून घेत होती. त्यांनी तोंड उघडलं नाही.

त्याला आता दीड वर्ष झालं. डॉक्टर खोटं बोलले नव्हते, त्या महिन्यांनी पुष्कळ काही परत दिलं. हे काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. पाणी म्हणतात, चहा म्हणतात, बस म्हणतात. भुईगावहून माझा भाऊ आला की त्याला नावाने हाक मारतात, आणि त्या शेजारच्या मुलालासुद्धा. मी स्वयंपाकघरात असले आणि काही हवं असलं, तर काठीने जमिनीवर दोनदा ठोकतात.